अकरा नंबरची मूठ

तुपे उस्ताद गेल्याची बातमी मला वैजापूरच्या मार्केट यार्डात कळली. कांद्याचा लिलाव बंद पडला होता, शेतकरी रस्त्यावर बसले होते आणि मी बंदोबस्ताला उभी होते. फोन रफिकचा होता. रफिक शेख आणि मी पोलिसात एकाच तुकडीत भरती झालो; तो आता शहरात असतो. "बनकर, उस्ताद गेले. सकाळीच," तो म्हणाला. "मातीला येतीस?" मी म्हणाले, "नाही येत." काय वाटलं म्हणाल, तर... काही वाटलं नाही. रस्त्यात एक ट्रॅक्टर आडवा लावलेला होता, तो बाजूला घ्यायला लावला आणि कामाला लागले.

लिहिण्याचा विचारही नव्हता. पण त्यानंतरच्या पाच आठवड्यांत उस्तादांवर तीन लेख छापून आले, आणि तिन्हींत एकच किस्सा कौतुकानं सांगितलेला. तो असा: राज्य स्पर्धेच्या निवडीला एक तरुण नेमबाज पोरगी उभी होती. उस्तादांनी मुद्दाम तिच्या हातात दुसरंच पिस्तूल दिलं. तिनं नुसता नंबर वाचून ते घेतलं, हातानं ओळखलं नाही, आणि हरली. हत्यार डोळ्यांनी नाही, हातानं ओळखायचं असतं, हा धडा उस्तादांनी तिला असा दिला की ती जन्मभर विसरली नसेल! एका लेखकानं तर पुढं 'असे गुरू आता होणे नाही' असंही लिहिलं आहे. ती पोरगी मी, सुनंदा बनकर. विसरले नाही, एवढं खरं आहे. बाकी धड्याचं सगळं खोटं.

भिकाजी तुपे शहरातल्या आमच्या पोलीस मुख्यालयाचं शस्त्रागार सांभाळायचे. हुद्दा हवालदाराचा, पण मोठे साहेबसुद्धा त्यांना उस्तादच म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि आजही लिहिताना अहोजाहो करते आहे ती निव्वळ सवय. आदर समजू नये. हत्यारांचं त्यांचं ज्ञान मोठं होतं, ते मी नाकारणार नाही. बिघडलेलं पिस्तूल कानाजवळ धरून दोनदा चाप ओढला की कुठली स्प्रिंग थकली ते सांगायचे. पण हे ज्ञान कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, तेही तेच ठरवायचे. आम्ही पहिल्यांदा सहा मुली मुख्यालयात आलो, तेव्हा आम्हाला शस्त्रागाराच्या खिडकीपाशी थांबवलं. आत मुलं कांबळ्यावर हत्यारं उघडून बसलेली, उस्ताद एकेक भाग दाखवत होते. आमच्याकडं तेलाच्या चिंध्यांची पाटी सरकवली आणि म्हणाले, "तुम्ही हे धुऊन आणा. ह्यात तरी तुमचा हात बसलेला हाय." मुलं हसली. मी चिंध्या धुतल्या, खिडकीबाहेर वाळत घातल्या आणि वाळेपर्यंत तिथंच उभी राहून आतलं सगळं बघितलं. पुढं वर्षभर हेच केलं. माझं शिक्षण त्या खिडकीतून झालं.

आमच्याकडं नऊ एमएमचं जे सरकारी पिस्तूल होतं, त्याचे दोन प्रकार होते. एक फार जुनं, परदेशात बनून आलेलं; दुसरं त्याच नकाशावर इथं बनलेलं. कांबळ्यावर शेजारी ठेवली तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. तोच आकार, तेच वजन, तीच काळी झिलई. लाकडी मुठीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला असायचा, त्यावरून ओळखायचं. जुन्यातलं चांगलं म्हणजे अकरा, नव्यातलं चांगलं म्हणजे चौतीस. वर्षभरानं कशीबशी मला सरावाची परवानगी मिळाली, आणि मी दोन्ही भरपूर चालवली. चौतीस घट्ट होतं, नीट चालवलं तर गोळ्या एकमेकींना चिकटून पडायच्या. पण त्याचा चाप मधेच अडायचा आणि मग झटक्यानं सुटायचा, त्या झटक्याला माझं मनगट खाली जायचं. अकराचा चाप इतक्या हातांनी ओढून ओढून मऊ झालेला, सुटला कधी ते कळायचंही नाही. त्याच्या मुठीचा अंगठ्याखाली एक टवका उडालेला होता आणि माझा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसायचा.

राज्य स्पर्धेच्या संघात एक जागा रिकामी झाली, त्या वेळी मी कन्नडला नेमणुकीवर होते. लग्न मोडलेलं होतं. दोन वर्षांची मुलगी शहरात माझ्या आईकडं आणि मी कन्नडला एका खोलीत. सुटी मिळाली की एसटी पकडायची, मुलीला भेटायचं, परत यायचं. संघात निवड झाली की सरावासाठी मुख्यालयाला जोडून घेतात, म्हणजे मला रोज घरी राहता आलं असतं. पदकाचं मला काही नव्हतं. मला माझी पोरगी पाहिजे होती, आणि हे मुख्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. उस्तादांनाही.

नियम असा होता की निवडीच्या आठवडाभर आधी प्रत्येकानं आपलं पिस्तूल निवडायचं, ते नोंदवहीत चढायचं आणि निवडीला तेच चालवायचं. त्या दिवशी मी दुपारभर रिकामी पिस्तुलं आलटून पालटून हातात घेत बसले होते. चौतीस जास्त नेमकं आहे हे कळत होतं. पण त्या झटक्याची भीती वाटत होती. आपला हात त्या चापाची सवय करून घेईल का आठवड्यात, की नेमका त्या सकाळी दगा देईल... शेवटी ठरवलं, अकरा. आडनावाप्रमाणं विचारत होते, त्यामुळं रफिकच्या आधी माझी पाळी आली. रफिक उस्तादांचा लाडका, त्यांनी हाताला धरून शिकवलेला. अकरा त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते.

"कोणतं?" उस्तादांनी विचारलं.

"अकरा."

त्यांचं पेन थांबलं. "चौतीस घे. नवं हाय, नेमकं हाय. पोरीच्या हाताला बरं."

"माझ्या हाताला अकरा बरं आहे, उस्ताद."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. हाताला कळतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नोंदवहीत अकरा लिहिलं. रफिकनं चौतीस घेतलं.

निवड डोंगराच्या पायथ्याच्या मैदानावर होती. उस्तादांनी स्वतः पिस्तुलं वाटली. माझ्या हातात आलं ते अकरा. नंबर मी वाचला की नाही मला आठवत नाही, कारण वाचायची गरजच नव्हती. अंगठा खळग्यात बसला होता. लाकूड माझ्या ओळखीचं होतं. हुकूम मिळेपर्यंत चाप ओढून बघायची परवानगी नसते. हुकूम झाला, मी नेम धरला, चाप ओढला... आणि तो मधेच अडला. मग झटक्यानं सुटला. पहिली गोळी खाली गेली. मला वाटलं मीच घाबरले आहे. दुसरी खाली. तिसऱ्या गोळीला मला कळलं की हातात चौतीस आहे. मूठ अकराची, पिस्तूल चौतीसचं. लाकडाच्या त्या पट्ट्या दोन्ही बाजूंना एकेका स्क्रूनं बसवलेल्या असतात. काढून बदलायला पाच मिनिटं लागत नाहीत. आणि नकाशा एकच असल्यामुळं इथल्या तिथं बरोबर बसतात. उरलेल्या गोळ्या मी दात खाऊन चालवल्या. दोन गुणांनी गेले. रफिक निवडला गेला.

मी तशीच राखीव निरीक्षकांकडं, म्हणजे मुख्यालयाच्या साहेबांकडं गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही पिस्तुलं मागवली. ती यायला अर्धा तास लागला. आली तेव्हा अकरावर अकराची मूठ होती आणि चौतीसवर चौतीसची. "काय दिसतंय तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. उस्ताद शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, पोरगी हरली हाय. रडू द्या जरा." मी रडले नाही. तिथं तरी नाही.

संध्याकाळी बसस्टँडवर रफिक आला. म्हणाला, "आज मेरा चौतीस बहुत हलका चला, बनकर. मेरेकू बाद में समझा... तुझंच होतं ना ते?" मी म्हणाले, हे साहेबांसमोर सांग. त्यानं मान खाली घातली. "माझी अम्मी बिमार हाय. मला बी मुख्यालय पाहिजे." माझी बस आली आणि मी चढले. रफिकशी मी दोन वर्षं बोलले नाही, मग बोलायला लागले. कारण त्यानं खोटं कधी सांगितलं नाही, फक्त खरं वेळेवर सांगितलं नाही. हे सगळं त्याला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "लिख दे."

त्यानंतर तीन वर्षं मी कन्नडलाच राहिले. मुलगी माझ्या आईला आई म्हणायला लागली. मी घरी पोचले की ती दारात यायची, माझ्या पिशवीकडं बघायची आणि विचारायची, "तू कधी जाणार?" धडा, धडा म्हणून जे लिहिताहेत, त्यांनी ह्या प्रश्नाचं काय करायचं ते मला सांगावं.

धड्याची गोष्ट उस्तादांनी पुढं रचली. निवृत्तीच्या समारंभात हार-तुरे झाल्यावर त्यांनी ती स्टेजवरून सांगितली, माझं नाव न घेता, पण माझ्याकडं बघत. "नंबर वाचून हत्यार घेतलं पोरीनं!" सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलायला हवं होतं. शेजारी नव्या भरतीच्या मुली होत्या, त्याही हसत होत्या... मी नाही उठले. त्याचा राग मला त्यांच्यावर आहे तेवढाच माझ्यावरही आहे.

शेवटची भेट त्यांच्या मृत्यूच्या चार महिने आधीची. चिकलठाण्याला विमानतळावर कुणा मंत्र्याचा बंदोबस्त होता, तो लवकर सुटला. जवळच नव्या इमारतीत उस्ताद राहत होते. लकवा होऊन उजवा हात गेल्याचं कानावर आलं होतं. दया आली म्हणून गेले नाही. मला एक विचारायचं होतं. तुपेकाकूंनी दार उघडलं. उस्ताद पलंगावर टेकून बसले होते, मांडीवर डॉक्टरांनी दिलेला गुलाबी रबरी चेंडू. तो ते दाबू बघत होते आणि बोटं मिटत नव्हती.

"बनकर ना? बस."

मी उभीच राहिले. "त्या दिवशी मुठी तुम्ही बदलल्या?"

"व्हय." लगेच म्हणाले. जणू बरेच दिवस वाट बघत होते.

"मला धडा द्यायला?"

"धडा कसला..." जीभ जड झाली होती, शब्द ओढून काढावे लागत होते. "तू जिंकली असतीस."

"मग?"

"मग काय? रफिकला म्या शिकवलं. तुला कुणी शिकवलं? खिडकीतून बघून शिकलेली पोरगी जिंकली, तर मी कशाला पाहिजे व्हतो तिथं?"

"चूक केली असं कधी वाटलं?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, ते दिसलं. "नाय," म्हणाले. "वाटलं असतं तर बोलावलं नसतं का तुला?"

स्वयंपाकघराच्या दारात काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी चहा न घेता निघाले. राग होता तसाच होता, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात काही शंका उरली नव्हती. आपणच घाबरलो असू, आपलाच हात चुकला असेल, असं अधूनमधून वाटायचं ते त्या दिवशी संपलं. त्यांनी मला एवढं एकच दिलं, आणि तेही मागायला गेले तेव्हा.

तिसरा लेख छापून आला त्या सकाळी तुपेकाकूंचा फोन आला. त्यांना वाचता येत नाही. शेजारणीनं वाचून दाखवला होता. "सुनंदा, ते पेपरवाल्यानं काय लिवलंय गं? तसं नव्हतं ना ते. म्या आयकलंय की त्यांच्या तोंडून." मी म्हणाले, "जाऊ द्या काकू, गेले ते आता." त्या म्हणाल्या, "ते गेले. तू हायेस की. तू लिव."

लिहिलं, आणि छापायला देण्याआधी रविवारी त्यांच्याकडं घेऊन गेले. भिंतीवर उस्तादांचा गणवेशातला फोटो होता. खाली ताटलीत फुलं. काकूंनी ताटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "फूल घालतीस?" मी म्हणाले, "नाही काकू." "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन चहा ठेवला. पलंग अजून तसाच अंथरलेला होता. उशीजवळ तो रबरी चेंडू पडलेला. काकू म्हणाल्या, शेवटच्या दिवसापर्यंत दाबायचे. लई रागानं दाबायचे. मी तो उचलला नाही.

खुर्चीवर बसून मी हे सगळं त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. चिंध्यांचं आलं तेव्हा त्या खाली बघत होत्या. माझ्या मुलीचं आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. वाचून झालं, चहा गार झाला होता. त्यांनी एकच विचारलं, "ते 'व्हय' म्हनले, ते घातलंस का?"

"घातलं."

"मग दे छापायला."