फिडलवाल्या आजी

२००४च्या हिवाळ्यात अमेरिकेत, मी शिकत होतो त्या ॲन आर्बरला चर्चच्या हॉलमध्ये स्कॉटिश नाच होता. बँडचा ड्रमर बर्फात अडकला, म्हणून लॅबमधल्या मित्राने मला ढोलकी घेऊन बोलावलं. माझ्या शेजारी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायला सत्तरीच्या एक आजी होत्या. अंगात चौकड्यांचा स्कर्ट, पायात स्नोबूट. बाकीचे खुर्च्यांवर बसले होते, त्या मात्र उभ्या राहून, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवत होत्या.

मध्येच लय वाढली आणि माझा ठेका चुकला. लहानपणी सांगलीच्या ढोलकीच्या क्लासात चुकलं की थांबायचं, हीच सवय. मी हात उचलले. समोरची रांग अडखळली, दोघं एकमेकांवर आदळले आणि हसत सुटले.

गज न थांबवता आजी माझ्याकडे वाकल्या. "चुकलास तरी वाजवत राहा. इथे कुणाचा ना कुणाचा पाय कायम हवेत असतो."

मी घाईघाईने सहा मात्रांचा दादरा धरला. तो त्यांच्या चालीत असा चपखल बसला, की आजी खळखळून हसल्या आणि त्यांनी लय आणखी वाढवली. मग आम्ही घामाघूम होईपर्यंत वाजवलं. त्यात मी किती वेळा चुकलो, ते घरी जाताना मला आठवतही नव्हतं.