विलासच्या नावाचा फिल्टर

मंडळी, हे कम्युनिटीत लिहावं की नाही, दुपारपासून विचार करतोय.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातलं नेटवर्क तपासणारं सॉफ्टवेअर माझ्या मित्राने, विलासने बसवलं. एकेका लाइनवर लक्ष ठेवणारे त्यातले शेकडो चेक त्याचेच. बाहेरगावच्या आमच्या गोदामांपर्यंत जाणारी एखादी इंटरनेट लाइन बंद पडली की तिचा चेक स्क्रीनवर लाल होतो. दोन महिन्यांपूर्वी विलास वारला.

आज साहेबांनी त्याचे चेक त्याच्या जागी आलेल्या रूपालीच्या नावावर करायला सांगितले. मी यादीतली एकेक ओळ बघत होतो. मुद्दामच हळू.

"अहो सर, असं तर दिवाळी उजाडेल. फिल्टर लावा ना!" म्हणत शेजारी बसलेल्या रूपालीनेच विलासच्या नावाचा फिल्टर बनवला. मिनिटभरात त्याचे सगळे चेक समोर, प्रत्येकाखाली त्याची टीप.

"भारी माणूस होता हो! 'शहाडची लाइन पावसात रुसते, घाबरू नका.'" ती हसत वाचत होती.

चार वर्षं शेजारी बसून मी त्या टिपा कधी उघडल्या नव्हत्या. अडलं की त्यालाच विचारायचो.

मग ती थांबली. "सर, इथे तुम्ही आहात." बदलापूरच्या चेकखाली होतं, 'सुनीलला बोलावू नका, त्याची आई आजारी आहे. मी जाईन.'

रडू यायला हवं होतं. आला तो राग. हे तिने माझ्याआधी वाचलं.

तिची काही चूक नाही, तरी दिवसभर तिच्याशी धड बोललो नाही. तुमचं गेलेलं माणूस कोणी परकं असं ओळखू लागलं, तर तुम्हाला सहन होतं का?