पक्कड आणि दिराचा डबा

छापखान्यात तिला सगळे पक्कड म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिथल्या संगणकांची देखभाल तिच्याकडे असल्यामुळे हातात कायम काही ना काही हत्यार असायचं, पण नाव पडलं ते त्यामुळे नव्हे. एकदा धरलं की ती सोडत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कधीकाळी तिच्या गळ्यात एक बिघडलेला चार्जर मारला होता. त्याचं तोंड बघायला नको म्हणून ही बाई रोज अख्ख्या गल्लीला वळसा घालून बसथांब्यावर जायची. पाय दुखायचे ते हिचेच, दुकानदाराच्या गावीही नव्हतं. बाइंडिंगवाल्याने तिचा कप फोडला आणि बिचाऱ्याने नवा आणून दिला, तर त्यात तिने पेन्सिली ठेवल्या.

असल्या बाईच्या नवऱ्याचा आवाज तिच्या धाकट्या दिराने पुसून टाकला होता. आता बोला.

नवरा गेला तेव्हा दोन्ही भावांची बिऱ्हाडं एकाच घरात होती, हे वर आणि ते खाली. नवऱ्याला शूटिंगचा भारी नाद. घरातलं सगळं साठवायला त्याने एक डबा आणला होता. बुटाच्या खोक्याएवढा, आत दोन खण, दोन खणांत दोन हार्ड डिस्क. एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहेच. दोन्ही घरांचे फोटो, व्हिडिओ सगळं त्यात. डबा दिराच्या कपाटात बसला, कारण इंटरनेटची तार तिथे यायची. नवरा गेल्यावर पक्कड दुसरीकडे राहायला गेली, डबा तिथेच राहिला. त्यात नवऱ्याच्या नावाचा एक फोल्डर होता. त्यात तो स्वतः होता, बोलत, गुणगुणत, कॅमेऱ्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करत. तो उघडायचा तिला धीर होत नव्हता. होईल तेव्हा उघडू, पळून कुठे जातोय, असं ती म्हणायची.

दिराचं टाइल्सचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण उतावळा. दुकानाचे कॅटलॉग ठेवायला डब्यात जागा पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांत मोठा फोल्डर कुठला ते बघितलं आणि उडवला. दोन डिस्कचा डबा तो! एकीवरून गेलं ते त्याच क्षणी दुसरीवरूनही गेलं. त्याच जागेवर कॅटलॉग लिहिले गेले. पक्कडीला कळेपर्यंत परत मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वहिनी, कोणी उघडतच नव्हतं हो ते," दीर म्हणाला.

ती रडलीसुद्धा नाही. डूख धरणारी माणसं रडण्यात ताकद घालवत नाहीत. तिने फक्त वाट बघितली.

आणि एक दिवस दिराचाच फोन आला. "वहिनी, डबा परत भरला. मोठ्या डिस्क आणून ठेवल्यात. तुम्ही तेवढ्या बसवून द्याल का? तुमच्या हातचं काम म्हटलं की निर्धास्त."

निर्धास्त! पक्कडीने फोन ठेवला आणि कधी नव्हे ती शीळ घातली.

या कामाची एक रीत आहे. दोन्ही डिस्क एकदम बदलायच्या नाहीत. आधी एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी घालायची. मग डबा दुसऱ्या खणातल्या जुनीवरून नवीवर सगळं उतरवून घेतो. त्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, आणि तोवर सगळा जीव त्या एकट्या जुन्या डिस्कमध्ये असतो. हे उतरवणं पुरं झालं की मगच दुसरीला हात लावायचा. पक्कडीचा बेत सरळ होता. मध्येच दुसरी काढायची, हातातून निसटली म्हणायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

रविवारी सकाळी ती गेली. जावेने चहा आणला. "ताई, बारीक झालात," म्हणाली. पक्कडीने चहा घेतला, जावेशी तिचं वाकडं नव्हतं. कपाट उघडलं, पहिल्या खणातली डिस्क काढली, फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि नवी बसवली. डबा केकाटायला लागला. टीं, टीं, टीं. एका डिस्कवर चाललंय, जपा, असं तो आपल्या भाषेत सांगत होता. तो आवाज बंद करता येतो. पक्कडीने केला नाही.

दिराला आवाज सहन होईना. थोडा वेळ त्याने येरझाऱ्या घातल्या. मग म्हणाला, "एकदमच दोन्ही बदलून टाकू ना. हे टुकूटुकू कशाला?"

पक्कड चहा पीत राहिली.

त्याने दुसऱ्या खणाचं दार उघडलं. "हीच ना ती जुनी?"

"हो भाऊजी. तीच जुनी."

एवढंच बोलली ती. खोटं काहीच नव्हतं त्यात. एक 'थांबा' म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ तिच्याकडे होता, आणि तिने तो चहाच्या घोटात घालवला. दिराने डिस्क ओढली. डब्याने असा काही लांबलचक सूर लावला की तो दचकला आणि आत अजून गरगरत असलेली डिस्क त्याच्या हातातून सुटली. खाली त्याच्याच दुकानातली चकचकीत फरशी. उचलली तेव्हा डिस्क आतल्या आत खुळखुळत होती.

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, पोरीचं सगळं लहानपण होतं त्यात."

"दोन्ही जुन्या नेते आणि बघते," ती म्हणाली. "पण आशा धरू नका."

घरी येईपर्यंत तिला हसू आवरत नव्हतं. कारण पर्समधल्या फडक्यात पहिली डिस्क होती, धडधाकट, सगळ्यासकट. दोन्ही डिस्कवर एकच असतं हे दिराला कधी नीट उमगलंच नव्हतं. त्याला वाटायचं अर्धं इथे, अर्धं तिथे. पक्कडीने ठरवून टाकलं, वर्षभर तोंड उघडायचं नाही. झुरू दे. मग द्यायचंच झालं तर देऊ, आणि तेही त्याने नाक घासल्यावर.

त्याचे फोन येत राहिले. ती 'अजून काही नाही' म्हणायची आणि त्या दिवशी जेवण तिला जास्त गोड लागायचं.

मग तिने डिस्क संगणकाला जोडली. म्हटलं, बघू तरी काय हातात आलंय. पुतणीचे व्हिडिओ लागले. पुतणी रांगतेय, पुतणी बाहुलीला धपाटे घालतेय, पुतणी पायऱ्या चढतेय. आणि कॅमेऱ्याच्या मागून एक आवाज आला, "अगं इकडे, उजेडाकडे तोंड कर!"

पक्कड खुर्चीत ताठ झाली.

हे शूटिंग तिच्या नवऱ्याचं होतं. त्या घरात कॅमेरा दुसऱ्या कोणी हातात धरलाच होता कधी? फोल्डर उडवला, पण माणूस पोरीच्या मागे लपून राहिला होता. ती खूप रडली. आणि रडून झाल्यावर काय सुचलं असेल तिला? पक्कडच ती! नवऱ्याचा आवाज आहे तेवढं आपण काढून घ्यायचं आणि उरलेलं दिराला द्यायचं. त्याने माझं घेतलं, मी माझं घेते. रोज कामावरून आली की ती निवडायला बसे. एक व्हिडिओ आपल्याकडे, दुसरा आपल्याकडे, तिसराही आपल्याकडे. त्याचा श्वास नाही, खोकला नाही, असा व्हिडिओच निघेना. दिराच्या वाट्याला शेवटी टाइल्सचे कॅटलॉग तेवढे राहिले.

मग तर ती पेटलीच. नाही द्यायचं. काहीच नाही द्यायचं, कधीच नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी व्हिडिओ एकामागून एक चालू होते आणि ती भांडी विसळत होती. बेल वाजली. दारात दीर. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"काही सापडलं नाही, भाऊजी," त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"ते विचारायला नाही आलो." तो उंबऱ्याकडे बघत होता. "पोरीचं जाऊ द्या, पोरगी समोर आहे. पण त्यात दादाचा आवाज होता, वहिनी. मागून बोलायचा ना तो. दुकान बंद करून आलो की मी रोज एखादा लावायचो. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं. तुमचा फोल्डर मीच उडवलेला, आणि उरलेला दादा मी एकटाच ऐकत बसलो होतो."

पक्कडीच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ह्याला माहीत होतं! इतके दिवस हा ऐकत होता आणि आपल्याला एका शब्दाने कळवलं नाही! दार त्याच्या तोंडावर आपटायला तिने हात उचलला. तेवढ्यात आतला व्हिडिओ संपला आणि पुढचा लागला. सायकलची घंटी, पोरीचं किंचाळणं, आणि पाठोपाठ धावणाऱ्या माणसाचा धापा टाकणारा, हसणारा आवाज.

"ए ठोंब्या! सोड ना सायकल! किती वेळ धरून ठेवशील? पडू दे तिला एकदा!"

दीर जागच्या जागी खिळला. दुकानाच्या मालकाला ठोंब्या म्हणणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं. डिस्क शाबूत आहे हे त्याला त्या क्षणी कळलंच असणार. तो लहान मुलगा नव्हता. वहिनी खोटं बोलली, बोलत आली, हेही कळलं असणार. पक्कड वाट बघत उभी राहिली. आता हा ओरडेल, मग आपण ओरडू, मनात साठलेलं सगळं बाहेर काढू. कित्येक वाक्यं तयार होती तिच्याकडे.

दिराने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "वहिनी, परत एकदा लावता का?"

नाही म्हणायचं होतं तिला. जिभेवर आलं होतं. पण आत व्हिडिओ संपत आला होता, आणि संपण्याआधी तो ऐकायचा होता तिलाही.

ती दारातून बाजूला झाली. दीर आत येऊन संगणकासमोरच्या स्टुलावर बसला. तिने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि त्याच्या मागे उभी राहिली. पाणी मात्र विचारलं नाही.