अकराच्या आधीचा अर्धा तास

ॲड. गोविंदरावांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लिहायला सांगताना संपादक मला म्हणाले, "तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलेलं नाही." खरं आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे माणूस डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि मी गोविंदरावांचा हेवा जवळपास पन्नास वर्षं करत आलो आहे. गौरवाच्या लेखात हे शोभत नाही, ठाऊक आहे मला. पण खोटं लिहिलेलं त्यांना आणखीच शोभायचं नाही.

आमची ओळख झाली तीच कोर्टात, समोरासमोर. दोघांच्याही वकिलीच्या सनदा कोऱ्या करकरीत. चितेगावकडच्या एका जमिनीचा दावा निजामाच्या काळातल्या उर्दू कागदावर अडला होता आणि कोर्टाचा अनुवादक रजेवर. मी तारीख मागायला उठणार, तेवढ्यात गोविंदराव म्हणाले, "मला वाचता येतं, साहेब." निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर जन्मलेल्या आणि शाळेत उर्दूचं अक्षरही न पाहिलेल्या या गृहस्थांनी छावणीतल्या एका वृद्ध मास्तरांकडे वर्षभर पहाटे सायकल मारत जाऊन ती लिपी शिकून घेतली होती. मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. त्यांनी कागद मोठ्यानं वाचला. त्यात ती जमीन माझ्या अशिलाच्या आजोबांच्या कब्जात असल्याचं लिहिलं होतं. ती ओळ त्यांनी गाळली असती तर मला काय डोंबल कळणार होतं? त्यांनी ती दोनदा वाचली.

बाहेर आल्यावर त्यांचा अशील उखडला. "वकीलसाब, तुम्ही माझे का त्याचे?"

"तुमचाच हाय की मी," गोविंदराव शांतपणे म्हणाले. "पन कागदात लिहिलंय ते लिहिलंय. उद्या तुमच्या बाजूचा कागद निघाला तर तोबी असाच वाचीन."

दावा मी जिंकलो आणि न्यायाधीशांनी भर कोर्टात कौतुक केलं ते हरणाऱ्याचं. त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले. बायको म्हणाली, "जिंकून आलात ना? मग तोंड असं का?"

पुढे क्रांती चौकाजवळ त्यांनी ऑफिस थाटलं. तिथली रीत साऱ्या बारला ठाऊक आहे. अशिलाला अख्खा कागद त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा, त्याच्याकडून तो उलट सांगून घ्यायचा आणि मगच सही. लोक कुरकुरायचे, "लई वेळ घेत्यात हे वकील," आणि कुरकुरत त्यांच्याच बाकावर बसून राहायचे. माझं काम झटपट, तरी माझा बाक रिकामा. जळफळाट होणार नाही तर काय!

आता माझ्या झटपटीची गोष्ट सांगतो. कोर्टाबाहेर आजवर ती मी कोणाला सांगितलेली नाही.

धोंडिबा नावाचा माझा एक अशील होता, मेंढपाळ. जमिनीवरून चुलतभावाशी त्याचा दावा चालू होता आणि त्या भावाचे वकील गोविंदराव. दिवाळी झाली की धोंडिबा मेंढ्या घेऊन निघायचा, तो पावसाच्या तोंडावर परतायचा. मधल्या तारखांसाठी मी त्याचे कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन ठेवत असे. तेव्हा बरेच जण घेत. आजही बऱ्याच कपाटांत असे कागद निघतील. "लागंल तसं लिवा, वकीलसाब," एवढं म्हणून तो जायचा. एका तारखेला मी त्यातल्या एका कागदावर शपथपत्र टाइप केलं, 'आज रोजी समक्ष हजर राहून' असं खाली लिहिलं, ओळखीनं शिक्का मारून घेतला आणि दाखल करून मोकळा झालो.

दोन दिवसांनी दुपारी गोविंदरावांनी मला बार रूममधून व्हरांड्यात बोलावलं.

"धोंडिबा गेला. माझ्या अशिलाकडे काल निरोप आला. तुम्हाला कळलं का?"

"अरेरे! कधी?"

"वाटेतच, तापानं. तुमच्या शपथपत्राच्या आठ दिवस आधी."

मेलेल्या माणसाला मी शपथ घ्यायला लावली होती.

"गोविंदराव, माझी सनद जाईल हो!" मी त्यांचा हातच धरला.

"मला हे दाबून ठेवता येणार नाही. माझ्या अशिलाशी ती बेइमानी होईल. उद्या अकराला पुकारा झाला की मी सांगणार." मग म्हणाले, "साहेब साडेदहाला चेंबरमध्ये येतात. आपण दोघं जाऊ. बोलायचं तुम्ही. तुम्ही आधी सांगितलंत, तर मला सांगायला काही उरणार नाही. अशिलाला मी हे सांगून आलोय. रागावलाय तो, पण सांगून आलोय."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी बोललो. गोविंदराव शेजारी उभे होते. साहेबांनी मला जे सुनावलं त्यानं कान अजून गरम होतात. लेखी माफी घेतली, शपथपत्र बाद झालं, धोंडिबाच्या बायकोचं, गयाबाईचं, नाव वारस म्हणून दाव्यात लागलं. सनद वाचली. तेव्हापासून कोऱ्या कागदावर मी कोणाचा अंगठा घेतलेला नाही.

यानंतर माझा हेवा कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच. मला वाटायचं, आज ना उद्या गोविंदराव चहाच्या टेबलावर ती गोष्ट रंगवून सांगतील आणि मग मलाही त्यांना नावं ठेवता येतील. वर्षं गेली, पण त्यांनी कुठे चकार शब्द काढला नाही. आता आमचे तरुण वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून मोबाइलवर आपल्या विजयाचे व्हिडिओ टाकतात. अशिलाचं गुपित दुपारपर्यंत गावभर होतं. तेव्हा मला तो व्हरांडा आठवतो.

हा लेख लिहिण्याआधी मी त्यांना फोन करून विचारलं, "धोंडिबाची गोष्ट लिहू का?"

"कोणता धोंडिबा?" ते म्हणाले.

खरंच विसरले असतील तर मला त्यांचा हेवा वाटतो. आठवत असून म्हणाले असतील तर त्याहून जास्त वाटतो.

गोविंदराव, त्या दिवसापासून मी कोर्टात रोज साडेदहाला येतो. तुम्ही आधीच येऊन बसलेले असता. एकदा तरी मला तुमच्या आधी पोहोचायचं आहे, आणि घाई मला मुळीच नाही. तेव्हा तब्येत सांभाळा, गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या, आणि पुष्कळ वर्षं रोज येत राहा. तुम्ही आलाच नाहीत आणि मी पहिला पोहोचलो, तर ते पहिलं येणं मला नको.