न घडलेल्या गुन्ह्यांचा पंचनामा

पोलिसातल्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. बंदोबस्ताचे, तपासाचे, कोर्टाचे. माझे जरा वेगळे आहेत, कारण बाकीचे गुन्हा घडल्यावर जातात आणि मी घडायच्या आधी! मी हवालदार. साहेबांनी मला वसई-विरारमध्ये लोकांना सावध करायच्या कामावर टाकलं आणि जोडीला एका कॉलेजच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका दिल्या, राऊत मॅडम. ठाण्यातले सहकारी रोज विचारायचे, "काय, आज किती गुन्हे घडले नाहीत?"

•

तुळिंजच्या एका सोसायटीत आमचा पहिला कार्यक्रम झाला. विषय होता खोट्या पोलिसांचे फोन. सेक्रेटरी परबकाका पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. पुढची तारीख ठरवायला मी दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला.

"नमस्कार काका, पोलीस ठाण्यातून बोलतेय."

फोन कट! परत लावला. "अहो काका, मी कालची हवालदार!"

"कालच्या हवालदारबाईंनीच सांगितलंय, पोलीस म्हणून फोन आला की ठेवून द्यायचा!"

नंबर ब्लॉक. शेवटी रिक्षा करून गेले. साहेब म्हणाले, "लेक्चर जरा जास्तच चांगलं झालं वाटतं."

•

मग मॅडमनी सर्व्हे काढला. लोकांना आपल्या इमारतीत कितपत सुरक्षित वाटतं, ते बघायचं. त्यांच्या विद्यार्थिनी दारोदार निघाल्या. थोड्याच वेळात ठाण्यात फोन: "घरफोडीची टोळी पकडलीय, लवकर या!"

धावत गेलो, तर एका सोसायटीच्या ऑफिसात आमच्याच मुली, आणि दाराला बाहेरून कडी! रहिवाशांची काही चूक नव्हती. मुली प्रत्येक घरी विचारत होत्या, "दुपारी घरात कोण असतं? कुलूप साधं की लॅचचं? जिन्यातला कॅमेरा चालू असतो का?"

साहेबांनी प्रश्न वाचले. "मॅडम, हे तुम्ही काढलेत?"

"हो."

"चोराला इतके नीट जमले नसते हो!"

•

अर्नाळ्याला गावकऱ्यांनी वर्गणी काढून किनाऱ्याच्या रस्त्यावर कॅमेरा बसवला. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पुढे एकदा फुटेज बघायला गेले, तर रस्ता गायब! स्क्रीनभर नुसते वाळत घातलेले बोंबील. कोणीतरी कॅमेराच फिरवला होता.

मासे वाळवणाऱ्या एका मावशीने शांतपणे कबूल केलं. "बाय, चोर कधीतरी येल, मांजर रोज येते. बस, पानी पी."

मी पाणी प्यायले. आम्ही दुसरा कॅमेरा बसवून घेतला.

•

नंदाखालच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, फादरनी मला माइक दिला. केळीच्या वाडीत एकटे राहणाऱ्या वयस्कर लोकांना मी सांगितलं, काही संशयास्पद दिसलं तर लगेच फोन करा. बस्त्याव अंकलनी ते फारच मनावर घेतलं. मुलगा कॅनडात, बायको वारलेली. त्यांचा फोन आला, "केळीत कोणीतरी आहे!"

गेले. केळीत कोणी नाही. ओट्यावर मात्र दोन कप चहा आणि केक. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मी म्हटलं, "अंकल, तक्रारीची गरज नाही, दर गुरुवारी मी अशीच येईन."

"आणि केळीतल्या माणसाचं काय?"

"त्यालाही गुरुवारीच बोलवा!"

•

हा किस्सा राऊत मॅडमचा. पैसे वाचले, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही नीट ऐकाल.

डिजिटल अरेस्टवर त्यांचंच व्याख्यान होतं. खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर माणसाला घरातच कसा डांबून ठेवतो आणि पैसे उकळतो, हे त्या फार छान समजावत. हॉल भरला, पण मॅडम आल्या नाहीत. त्यांचा फोन सारखा एंगेज. मी त्यांच्या फ्लॅटवर गेले, बेल वाजवली. आतून दबका आवाज आला.

"जा तुम्ही. आत पोलीस आहेत."

"मॅडम, पोलीस बाहेर आहेत! मी आलेय!"

"ते म्हणतात, तुम्हीपण त्यात सामील आहात."

दुसऱ्यांना हे शिकवणारी बाई सकाळपासून उपाशी मोबाइलसमोर बसली होती. समजावून काही होणार नव्हतं. मी जोरात ओरडले, "गॅसचा वास येतोय! सगळी बिल्डिंग खाली उतरतेय, चला!"

दार उघडलं.

मॅडम आता प्रत्येक व्याख्यानात आधी हेच सांगतात, काही न लपवता. मग कोणीतरी हळूच जवळ येऊन म्हणतं, "मॅडम, मलाही तसा फोन येतोय."

एक गोष्ट मात्र मॅडमनी पाहिली नाही, कारण त्या दारातच भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मी आत गेले. टेबलावर मोबाइल उभा होता. स्क्रीनवर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, खांद्यावर माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या हुद्द्याचे स्टार. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. तो क्षणभर माझ्या वर्दीकडे बघत राहिला. मग खुर्चीतून उठला, ताठ उभा राहिला, मला कडक सॅल्यूट ठोकला आणि मगच फोन कट केला!