वावराचा फोटो
फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास आला की राळेगावकडचं कपाशीचं एक वावर आठवतं. शेतकरी जीव देत होते, ती वर्षं. जुना लाकडी प्लेट कॅमेरा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर मांडून, काळ्या कापडात डोकं घालून मी काचेवर उलटं दिसणारं वावर जुळवत होतो, तेवढ्यात कापूस वेचणारी एक बाई जवळ आली. "कोन मेलं?" तिनं संशयानं विचारलं. "कुणी नाही, नुसत्या वावराचा फोटो काढतोय." "खोटं नोका बोलू. कोनी मेल्याबिगर आमच्या गावात कॅमेरा येत नाही," म्हणत ती ओटीतल्या कापसासकट घराकडे पळाली. नवरा घरी एकटा होता. परतली ती त्याला ओढतच. "याचा काढा भाऊ, जिता हाये तवर." त्या फोटोत तो माझ्याकडे रोखून बघतोय, आणि तिनं त्याचा हात अजून सोडलेला नाही.