चकती खिळ्यावर नव्हती

ऑरिन टिबेट्सनं आयडाहोतल्या लाकूड कापायच्या गिरणीत जन्मभर करवतींना धार लावली. निवृत्तीनंतर हाताला उरलं ते गॅरेजमधलं टेबल, काडतुसं भरायचं प्रेस आणि त्याचे साचे.

रिव्हॉल्व्हर त्याच्या बायकोचं, नडीनचं. त्यात आखूड 'अडतीस' काडतुसं चालत आणि लांब, जास्त जोरदार मॅग्नमही. जाडी सारखीच, म्हणून साचेही तेच. फक्त लांब पुंगळ्या भरताना साच्याखाली एक चकती घालायची, म्हणजे साचा तेवढा वर राहतो. काम झालं की चकती खिळ्यावर.

उद्या क्लबात नडीनची नेमबाजी होती, म्हणून तो आखूडच भरत होता. पण पुंगळीचं तोंड आवळेना. अंगठ्यानं दाबली की गोळी आत सरके. त्यानं पुंगळ्या मोजल्या. बरोबर. गोळ्या मोजल्या. बरोबर. खिळ्याकडे मात्र सगळ्यात शेवटी पाहिलं. खिळा रिकामा. चकती साच्याखालीच.

लांब काडतुसं त्यानं मागच्या शरदात भरली होती. चकती काढून टांगल्याचं त्याला आठवत होतं. की नव्हतं? भावाचं, आर्लोचं विसरणंही असंच सुरू झालं होतं. आपल्या हातून अशी चूक झाली त्या दिवशी प्रेस विकायचं, हे ऑरिननं तेव्हाच ठरवलं होतं.

नडीन स्वयंपाकघरात फळांच्या गोड पाईसाठी पीठ लाटत होती.

"प्रेस विकून टाकू," तो म्हणाला.

"का? काय खाल्लं त्यानं तुझं?"

"चकती आतच राहिली. कधी घातली, आठवत नाही."

"कसं आठवेल? मी घातली. मंगळवारी, तू दातांच्या डॉक्टरकडे गेलास तेव्हा."

"तू?"

"आपण हकलबेरी वेचतो त्या उतारावर अस्वल फिरतंय. थोडी लांब काडतुसं भरून ठेवली."

"मला विचारलं नाहीस."

"तू त्या टेबलाला कुणाला हात लावू देतोस? आर्लो विसरायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोला घर गरम करायची साधी भट्टी पेटवता येत नव्हती. मी आधीच शिकून ठेवतेय."

सुटल्यासारखं वाटावं की राग यावा, ऑरिनला कळेना. तो गॅरेजात गेला. तिनं भरलेल्या काडतुसांचा डबा उघडून एक गोळी अंगठ्यानं दाबली. हलली नाही. दुसरी दाबली. तीही नाही.

तो परत दारात आला.

"हात धू आणि चल. काम झाल्यावर चकती काढायची कुणी, ते आधी ठरवू."

"पीठ वाळेल."

"वाळू दे."